दारातली तगर

मुकुंदवाडी, छ. संभाजीनगर
३ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. आईस,
दीपमालाचा सा. नमस्कार. वि. वि.

तुला ऐकू येत नाही आणि आप्पा फोनवर व्हय-नायच्या पुढं जात नाहीत, म्हणून लिहिते. आप्पांना चार महिने झोप नाही हे वाचून काळजी लागली. इथल्या वैद्यांना विचारलं. तगरीचं मूळ कुटून चिमूटभर दुधातून द्या म्हणाले. तेवढं कर. मला आठवा लागलाय, नाहीतर मीच आले असते.

लोभ आहेच, जरा वाढव.
दीपा

अजिंठा
११ नोव्हेंबर

चि. सौ. दीपमालास अ. उ. आ.

काखेत कळसा अन् गावाला वळसा कशाला? आपल्या दारातलीच तगर खणली. पूजेला फुलं देती, आता औषध बी देईल. मूळ मेलं लई कडू. चार दिवस झाले सुरू करून. मळमळतंय, जीभ जडावती, पण लागू पडत असंल म्हणून आजपासून चमचाभर केलंय. तू पोटातल्याला जप, जिने चढू नको.

माया पातळ करू नको.
आई

मुकुंदवाडी
१५ नोव्हेंबर

ती. आईस सा. न.

आई गं, काय केलंस हे! ती तगर नव्हे! आपलं पांढऱ्या फुलांचं झाड वेगळं. वैद्यांची तगर डोंगरातली, दुकानात वाळकी मिळते. चूक माझी, मी नीट लिहिलं नाही. आप्पांचा फोन सकाळपासून बंद आहे. तुझे जावई गाडी घेऊन निघालेत, ही चिठ्ठी हातात देतील. आता एक थेंब देऊ नको. आप्पांना तसंच गाडीत घाल आणि सिल्लोडला दवाखान्यात ने. मूळ डॉक्टरांना दाखव. आप्पांना काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?

दीपा

सिल्लोड
१७ नोव्हेंबर

चि. दीपास आप्पांचे आशीर्वाद.

माझं अक्षर बघून दचकशील. जावयांनी फोनवर आप्पा ठीक आहेत एवढंच सांगितलं, तुझी अवस्था बघून. ते खरंच आहे. पण तुझ्यापासून लपवणं मला जमंना.

पोरी, माझ्या पोटात ते मूळ गेलंच नाय. जावई आले तवा तुझी आई चुलीपाशी पडली होती. काल शुद्धीवर आली अन् बोलली, आधी मी घेऊन बघत होते, सोसलं की मग तुम्हाला देणार होते. मला पत्ता लागू दिला नाय. उलट्या थांबल्यात, पण डॉक्टर म्हणतात अजून दोन दिवस भरवसा नाय.

ती झोपली की मला धडकी भरती. घडीघडीला नाकापुढं बोट धरतो. चार महिन्यांनी माझे डोळे मिटाया लागलेत, अन् मी मिटू देत नाय.

लोभ असू दे, दोघांवर.
तुझे आप्पा