यारेत्सीच्या पायांवर कोणाचाही हक्क नाही

साल्तियो, २ डिसेंबर २०१८

मार्चपासून या वहीत एक ओळही लिहिली नाही, माफी असावी. जे सांगायचे होते ते सभ्य भाषेत बसत नव्हते. अजूनही बसत नाही.

मी, मारिसेला सेपेदा, वय ४६, रसायनशास्त्राची शिक्षिका, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. रागामुळे डोके फिरलेले नाही ना, हे मी पुन्हा पुन्हा तपासले आहे.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी यारेत्सी हिला. अट कोणतीही नाही.

२. माझा थोरला भाऊ एर्मिलो, आमच्या नाचाच्या मंडळाचा म्होरक्या, याला काहीही नाही. कारण लिहिणे भाग आहे. मी पहिल्यांदा इस्पितळात होते तेव्हा त्याने ग्वादालुपे मातेला नवस बोलला: बहीण उठली तर तिची मुलगी दर डिसेंबरला देवळापुढे नाचेल. मुलीला विचारले नाही. मी उठले. ती नाचली नाही. मार्चमध्ये दुखणे उलटले, तेव्हा माझ्याच टेबलाशी मी उकडलेले मक्याचे तमाले खात तो म्हणाला,

"नवस अंगावर ठेवला की असंच होतं. पोरी, चार पावलं टाकायला तुझं काय जात होतं गं?"

"मामा, बोललात तुम्ही आणि फेडायचं मी?"

"मी नाचतोच आहे की!"

"मग हिच्या वाटचंही नाच," शेजारच्या दोन्या चोले, म्हणजे चोलेबाई, म्हणाल्या. "ढोल तुझा, पाय तुझे. तोंड तर काय, थांबतच नाही तुझं."

आम्ही हसलो. यारेत्सी हसली नाही. परवा ती परसात माझ्या तळाला पत्रा ठोकलेल्या नाचाच्या चपला घालून मातेच्या बारा तारखेच्या उत्सवासाठी पावले बसवत होती. रडत.

मी कॉलेजात असल्यापासून नाचते आहे. शब्दांची प्रार्थना मला कधी जमली नाही. तापलेला रस्ता, हातातला खुळखुळा आणि भरून आलेले गुडघे हीच माझी प्रार्थना. म्हणून सांगते, भीतीने टाकलेले पाऊल माता स्वीकारत नसणार. हे मला नक्की माहीत आहे का? नाही. पण स्वीकारत असेल, तर माझे तिच्याशीही भांडण आहे.

३. बोरूच्या नळ्या शिवलेला माझा नाचाचा लाल पोशाख आणि त्या चपला माझ्याबरोबर पुराव्यात.

दुरुस्ती: हेही मी मुलीच्या वतीने परस्पर ठरवते आहे. मग एर्मिलोत आणि माझ्यात फरक काय? यारेत्सीने स्वतःहून मागितल्या तर या वस्तू तिला द्याव्यात. तिला कोणी विचारू मात्र नये.

४. मी मरेन ती माझ्या आजाराने. शवपेटीजवळ, जेवणात किंवा देवळात जो कोणी त्याचा संबंध माझ्या मुलीशी जोडेल, त्याला दंड धरून बाहेर काढण्याचा अधिकार मी दोन्या चोले यांना देते. ताकद त्यांच्यात आहे.

सही: मारिसेला सेपेदा
साक्षीदार पहिली: सोलेदाद ऊर्फ चोले बर्लांगा (सही केली)
साक्षीदार दुसरा: ____________

उद्या: एर्मिलोला बोलावणे. यातून त्याला काही मिळत नसल्यामुळे साक्षीदार म्हणून तो चालतो. यारेत्सीसमोर हे सगळे त्याने मोठ्याने वाचावे, मगच सही करावी.