नावाखालची लाल ओळ

३ तारीख, सोमवार
नवी नोकरी, नवं शहर आणि खिडकीपाशी टेबल! आणखी काय हवं? काम आरोग्य केंद्राच्या वेबसाइटवरच्या कुटुंब-नोंदणीचं. कोणी फॉर्म चुकीचा भरला, की त्याच रकान्याखाली लाल अक्षरांत चूक दाखवायची. आधीचा गडी सगळ्या चुका एकदम वरच ओतायचा. भरणारा बिचारा शोधून शोधून दमायचा. टेस्टिंगवाल्या ताईंनी भिंतीवर खोट्या नावांची यादी चिकटवलीय. खऱ्या माणसांची नावं कधी टाकायची नाहीत, असं त्यांनी मला तीनदा बजावलं. मी काय बहिरा आहे?

५ तारीख
'अबक टोपीवाला' टाइप करून वीट आला. शेवटी आपलंच कुटुंब टाकलं: मी, बायको, सहा वर्षांची आमची ठकी आणि आमच्याकडेच राहणारा मामा. मामाच्या नावाखाली लाल ओळ आली, 'अशी व्यक्ती नाही.' हा मजकूर मी लिहिलेलाच नाही! सगळा कोड पालथा घातला, कुठे सापडेना. ताईंना सांगायची लाज वाटते.

६ तारीख
मामा घरी आला नाही. फोन लावला तर नंबरच अस्तित्वात नाही. गावी आईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, तुला कुठला रे मामा, मला भाऊच नाही. मी हसलो. ती हसली नाही.
त्याने मला सायकल शिकवली होती.

७ तारीख
आज ओळ ठकीच्या नावाखाली.
ताईंना सगळं कबूल केलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाल्या, मलाही बहीण होती बहुतेक, नाव आठवत नाही. एकही लाल ओळ न येता फॉर्म गेला तरच माणूस राहतं, एवढंच त्यांना ठाऊक.
धावत घरी आलो. ठकी नाही. तिची खाटही नाही. बायको विचारते, कोण ठकी?

८ तारीख, सकाळ
घरूनच फॉर्मात ठकीची जन्मतारीख भरली. रक्तगट भरला. ओळ हटत नाही. खाली आणखी एक: 'या घरात दोनच माणसं.'
बायकोचं नाव काढू? छे! ठकीला आई हवी—

दुपार
माझं नाव खोडलं. पाठवलं. लाल काहीच नाही—
दारात दप्तर आपटलं. ठकी! आली गं माझी बाय—
ती आईच्या मागे लपली. विचारतेय, आपल्या घरात हे काका कोण—
बायको तिला घेऊन मागे मागे सरकतेय, फोन लावतेय, मी सांगतोय, अगं, मी—