आयर्लंडातला गोल बांध

कासू,
शनिवार, दुपार

प्रिय अपेक्षा,

बाय, महिना होत आला, मी तुला नुसता टोलवतोय. तिकडे आयर्लंडात घर घेऊ का, बाबा हो म्हणाले तरच सही करीन, असं तू म्हणालीस आणि मी फोनवर मच्छरांच्या नि शेजारच्या हिरामणच्या गुडघ्याच्या गप्पा मारत बसलो. आज उत्तर लिहायचंच, असं ठरवलंय. पण आधी तुझ्या त्या फोटोबद्दल बोलू दे.

त्या घरामागच्या कुरणातला मातीचा गोल बांध मी कितीदा पाहिला म्हणून सांगू! हजारेक वर्षांपूर्वी एकेक कुटुंब गुराढोरांसकट असल्या बांधाच्या आत राहायचं आणि आजही तिथला शेतकरी भुताखेतांना भिऊन त्यावर नांगर घालत नाही, हे कळल्यावर तो गडी मला आपल्यातलाच वाटला. पण माझी नजर गेली ती बांधातल्या मोकळ्या जागेवर. झालं! जेवणावरचं लक्षच उडालं. बांधाला खांड पडली की खाडीचं खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची दोन-तीन वर्षं भात होत नाही, एवढंच या डोक्याला ठाऊक. तसाच तुला फोन लावून ओरडलो, की मालकाला सांग, उधाणाच्या आत चिखल टाकून खांड बुजव म्हणावं. किती हसलीस गो! समुद्र तिथून दोन तासांवर, आणि ती खांड नाय, आत-बाहेर करायची वाट हाय, हे सांगताना तुला ठसका लागला. तुझी आई गेल्यापासून तुला असं हसताना ऐकलं नव्हतं. माझं हसं झालं त्याचं काही वाटलं नाही.

आता एक कबुली. बांधाच्या कामाला अजून घरटी एक माणूस येतो, असं मी तुला सांगत आलोय. ते खोटं. निम्म्या घरांना कुलपं आहेत, उरलेल्यांना कंपनीत शिफ्ट. गेल्या अमावास्येला आपल्या वाट्याच्या बांधाला खांड पडली तेव्हा तू फोन केलास आणि मी म्हणालो, माणसं जमलीत, मग बोलू. माणसं म्हणजे मी आणि हिरामण. तोही गुडघा धरून बसलेला. कशीबशी बुजवली. घरी येऊन सवयीने दोघांचा भात टाकला आणि तोच सकाळीही खाल्ला. एकटं वाटतं बाय, फार वाटतं. संध्याकाळची रोह्याची गाडी थांबली की उगाच ओट्यावर येऊन बघतो, कोण उतरलं.

हे फोनवर बोललो असतो तर तू सही न करताच विमानात बसली असतीस, आणि मीही तुला अडवलं नसतं. म्हणून उद्या फोनवर फक्त हो म्हणणार आहे, अगदी हसत. हे पत्र मात्र तुझी सही झाल्यावरच पेणच्या पोस्टात टाकीन. म्हणजे तू वाचशील तेव्हा घर तुझं झालेलं असेल. रागाव हवं तर. पण हो म्हणताना बाबाला काहीच वाटलं नाही, असं तुला वाटायला नको.

तुझाच, लबाड
बाबा