मोगरी थांबवायची नाही

सोमवार
नाही, बोटीत मला मळमळलं नाही, अन् आमचं हापाई बेट सोडताना मी रडलेही नाही. लेकीचं पहिलं बाळंतपण, रडायचं काय त्यात? लेकीचं, लेसिएलीचं घर ऐसपैस आहे. जावई ऑस्ट्रेलियात फळं तोडतोय. मागे नीरफणसाखाली साल कुटून कापड करायचा ओंडका आहे, झकास. तुतीची साल मी घरूनच आणलीय. नातवंड माझ्या हातच्या कापडात गुंडाळायचं, दुकानातल्या टॉवेलात नाही. साल भिजत घातली. ही वही लेकीनं दिली, रोज एक इंग्रजी शब्द लिही म्हणाली. इथली नर्स गोरी, तिला आपलं बोलणं कळत नाही.

मंगळवार
शेजारची फुसी म्हातारी गेली. तिची बहीण कुंपणाशी येऊन म्हणाली, तिला पुरेपर्यंत गावात कुणी साल कुटायची नाही. मला शिकवते! आमच्याकडेही तोच नियम. पण भिजलेली साल कुजेल त्याचं काय? बाळ मढ्यासाठी थांबणार आहे? लेक म्हणाली, आई, नको गं. म्हटलं, तू पाय वर करून बस. आवाज दबावा म्हणून ओंडक्याखाली चटई घातली अन् लाकडी मोगरीनं हळू कुटलं. तरी फुसीच्या बहिणीनं ऐकलंच. कुट, म्हातारे, कुट, म्हणाली, आता थांबू नकोस म्हणजे झालं.

बुधवार
फुसीला पुरलं. चर्चमध्ये माझ्या बाकावर कुणी बसेना. नाही तर नाही.
तळहातात ठोका पडतोय. दुखत नाही. मोगरीच्या तालात, सारखा. लेक म्हणाली, नर्सला नुसता ठोका म्हणून कळणार नाही, इंग्रजीत मोठा शब्द आहे, पल्सेशन. जीभ वळेना माझी. लेक पोट धरून हसली.

गुरुवार
शब्द बरोबर म्हटला. नर्स खूश. मग माझी नाडी मोजली, पुन्हा मोजली. लेकीकरवी म्हणाली, नाडी वेगळी चाललीय, हा ठोका वेगळा.
लेकीच्या पोटाला यंत्र लावलं. आतून तोच ताल. माझ्या हाताचा. नर्स म्हणाली, बाळाचं काळीज इतकं हळू चालत नसतं.

शुक्रवार
वैताग आला. मनगट दोरीनं करकचून बांधलं. ठोका थांबला. आतून लेक किंचाळली, आई, बाळ हलत नाही!
दोरी सोडली. हात तसाच गार. धावत जाऊन ओंडक्यावर मोगरी हाणली — बाळ हललं.

शनिवार
मी कुटायची थांबले की बाळही थांबतं.
फुसीच्या बहिणीला हाका मारल्या. पाया पडते म्हटलं. ती म्हणाली, आता सुचला का नियम?

रविवार
आमच्यात रविवारी कुणी कामाला हात लावत नाही. मी कुटतेय. लोक रस्त्यावरून बघतात, आत कुणी येत नाही. लेकीला कळा — नर्सला निरोप — उजवा खांदा गेला. डाव्यानं मोगरी. लेक सारखी विचारते, आई, आहेस ना? आहे गं, आहे —

रविवारच
डावा खांदाही गेला, मोगरी सुटली. दोन्ही हात मोकळे आहेत. बाळाचा आवाज नाही, लेक आत —
नाही. काही विचारू नका. मी सांगणार नाही.