चिरंजीवांनी पाजलेली बिअर

सौ. सरकारांस लांबून मुजरा.

माझी तब्येत ठणठणीत आहे आणि कानटोपी मी झोपेतही काढत नाही. तुझा गुडघा काय म्हणतो?

चिरंजीवांना घरी परत आणायच्या कामगिरीवर तू मला धाडलंस. तो विषय काढायला मी तोंड उघडलं, की हा त्यात काहीतरी खायला घालतो. काल तर चक्क बिअरची बाटली पुढे ठेवली. बापाच्या पुढे! तिथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

बाटलीवर 'बेल्जियन पद्धतीची' असं छापलंय. म्हणजे बेल्जियमची नव्हे. 'घरगुती पद्धतीचं' लोणचं कुठे बनतं ते आपल्याला ठाऊक आहे.

"स्वस्तातली आहे बाबा, पण चांगली आहे," तो म्हणाला. जुनी स्कूटर विकणारेही असंच म्हणतात.

रंग मधासारखा, फेस जाड, वासाला पिकलं केळं आणि थोडी लवंग. पहिला घोट गोडसर लागला, म्हणून मी जास्तच सावध झालो. कडवटपणा मागाहून घशात आला. आयुष्यात कधी न प्यायलेल्या माणसाचं हे मत आहे, हे ध्यानात घे. मी ग्लास तिरका धरून ओतली, तेव्हा तो का हसला कोण जाणे.

ग्लास अर्धा झाल्यावर तो म्हणाला, "बाबा, मी इथेच राहायचं ठरवलंय. आईला तुम्ही सांगाल ना?"

मी खडसावणार होतो. पण माझा ग्लास पुन्हा भरताना त्याने निम्मी बिअर टेबलावर सांडली, सरकार, आणि मी ती पुसून ग्लास पुढे केला. आता भांडायचं ते तूच भांड.

तुझा,
फितूर शिलेदार