बेचाळीस स्वमतं

प्रिय स्नेहल,

फोनवर तू मला हसवून विषय बदलतेस, बी.एड.पासूनची तुझी खोड, म्हणून लिहितेय. तिकडे धुळ्यात तुझ्या शाळेत काय चाललंय माहीत नाही. इथे अमळनेरात माझं डोकं फिरलंय. नववीला एका मुलीचा धडा आहे. तिला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नाहीत. मी जीव ओतून शिकवला. दोन मुली तर रडल्या. घरी येऊन मी नवऱ्याला ऐकवलं, बघ, साहित्य माणूस घडवतं ते असं! मग परीक्षेत स्वमताचा प्रश्न टाकला. बेचाळीस पोरांचं स्वमत एकच, तेही गाईडमधलं, स्वल्पविरामासकट: ‘मी कधीही भेदभाव करणार नाही.’ स्वतःचं मतसुद्धा पाठ करतात गं ही कार्टी!

तेही चाललं असतं. पण गेल्या रविवारी माझ्याच एका विद्यार्थ्याच्या, नवलच्या शेतावर वर्गाची भरीत पार्टी झाली. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली आणि प्रशीलने हौसेने ती लाकडी बडगीत ठेचायला घेतली. प्रशील बौद्ध वस्तीतला, वर्गात तसा एकटाच. नवलची आजी मंजुळाबाई अगदी गोड आवाजात म्हणाली, “तू ऱ्हाऊ दे भाऊ, तू काड्या लई ये.” आणि मुसळ दुसऱ्याच्या हातात दिलं. सगळी स्वमतं जागच्या जागी गप्प! प्रशीलने काड्या आणून दिल्या, जेवला मात्र नाही. सोमवारपासून शाळेत आलेला नाही. मी वर्गाला झाप झाप झापलं. शेवटी एक मुलगी हळूच म्हणाली, मॅडम, तुम्ही पण तिथेच होत्या ना.

होतेच. पाहुणी म्हणून आलेय, म्हातारीला कसं बोलायचं, असा विचार करत कांदा चिरत होते.

उद्या प्रशीलच्या घरी जाणार आहे. त्याच्या आईला काय सांगायचं ते जुळवत बसले आणि पाचोऱ्याचा माझ्या लग्नाचा मांडव आठवला. मला हळद लावायला तू हात पुढे केलास आणि काकूने वाटी पलीकडे सरकवली. बसची वेळ झाली म्हणून तू निघालीस. एकोणीस वर्षं मीही सगळ्यांना तेच सांगत आले, स्नेहलची बस होती. वाटी सरकवताना मी पाहिलं होतं, स्नेहल. पाहिलं आणि मान खाली घातली. माफ कर मला. तुला हे सांगितल्याशिवाय त्या पोराच्या दारात कुठल्या तोंडाने उभी राहू?

तुझीच म्हणवून घ्यायला आज कचरणारी,
पुनम