मकलूबा एका झटक्यात उलटायची असते

हैथम,

मकलूबा शेगडीवरून उतरवून ठेवलीय. पातेल्यावर ताट धर आणि एका झटक्यात उलटव. तिथेही विचार करत बसलास तर भात विस्कटेल.

गेला अख्खा हिवाळा तेच दळण दळतोयस. अर्थशास्त्र की सामाजिक धोरण? अम्मानचं विद्यापीठ की इर्बिदचं? इकडे गणित फार, तिकडे लोकांत फिरणं फार. कान किटले माझे! शेजारच्या उम्म लैथलाही सगळं तोंडपाठ झालंय.

अर्जाचा आज शेवटचा दिवस, आणि तू अजून लोळतोयस. म्हणून मीच निघालेय. तुझा अर्ज भरायला नव्हे, राजा, माझा! लग्नापायी सुटलेलं शिक्षण पुरं करतेय. सामाजिक धोरण, अम्मानलाच. तुझं ऐकून ऐकून माझं तरी ठरलं.

आलास, तर रांगेत माझ्या मागे उभा राहा.

आई